साळूबाईचे नव्वद दिवस

सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी साळूबाईनं कणकेचा दुसरा गोळा परातीत ओढला. गारखेड्यातल्या काकासाहेबांच्या मेसमधून रोज एकशे दहा डबे जातात आणि त्यांच्या पोळ्या तीन बाया लाटतात. तिघींत साळूबाईचा हात सगळ्यांत चालता. आज मात्र तिची पोळी तव्यावर करपली आणि दाराशी खुर्ची टाकून बसलेल्या काकासाहेबांना वास लगेच लागला.

“साळूबाई, पोरांना पोळी द्यायचीय, कोळसा नाय.”

बाकीच्या दोघी हसल्या. साळूबाई हसली नाही. तिला काकासाहेबांकडून एक वस्तू मागून न्यायची होती आणि चार दिवस झाले तरी तोंडातून शब्द फुटत नव्हता. वस्तू म्हणजे मेसची गेल्या दोन सालांची हजेरीची वही. अकरा वाजता ती कामगार न्यायालयात लागणार होती. मागायची तर कशाला ते सांगावं लागणार, आणि ते तिनं वकीलबाईंखेरीज कुणालाच सांगितलं नव्हतं. सुनेलाही नाही.

साळूबाई मूळची फुलंब्रीकडची. नवरा गेल्यावर मुलाला, बद्रीनाथला, घेऊन शहरात आली. बद्रीनाथ गवंड्यांच्या हाताखाली राबून गिलाव्याचा मिस्त्री झाला, त्याचं लग्न झालं, मुलगी झाली. दीड वर्षापूर्वी पडेगावला एका नव्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्याला तो बाहेरून गिलावा करत होता. बांबूची परांची सुटली. बांधाचा काथ्या कुजला होता, असं त्याचा जोडीदार हबीब मिस्त्री पंचनाम्याच्या दिवशी म्हणाला. पुढं हबीब जालन्याला कामाला गेला आणि फोन उचलेनासा झाला. बद्रीनाथ सव्वीस वर्षांचा होता.

त्याची बायको द्वारका आणि आई साळूबाई यांच्या वतीनं अजरा वकिलांनी भरपाईचा अर्ज लावला. ठेकेदार रामकिसन हाही फुलंब्रीचाच, साळूबाईला ताई म्हणणारा. त्याचं उत्तर आलं तेव्हा द्वारका लेकीला घेऊन दवाखान्यात गेली होती, म्हणून साळूबाई एकटीच वकिलांच्या टेबलासमोर बसली होती. उत्तरात लिहिलं होतं, की मयत बद्रीनाथ आमच्याकडे कामाला नव्हता. कामाला त्याची आई होती. तो आईला जेवणाचा डबा द्यायला आला आणि कुणाला न विचारता परांचीवर चढला. सोबत एक दाखला जोडला होता: साळूबाईनं रामकिसनकडे नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचा. वर साळूबाईचा फोटो, खाली रामकिसनची सही.

डबा तर पडलेल्या परांचीपाशी खरंच सापडला होता. तो मेसचा होता, साळूबाईनंच सकाळी बद्रीनाथला भरून दिलेला.

“मावशी, ये क्या है?” अजरा वकिलांनी कागद तिच्याकडं फिरवला. “फोटो तुमचाच ना?”

“माझाच.”

“तुम्ही साइटवर काम केलं?”

“एक पाटी नाय उचलली, वकीलबाई.”

मग तिला सगळं सांगावं लागलं. बद्रीनाथ गेला त्या साली बांधकाम कामगारांच्या सरकारी कार्डावर भांड्यांचा संच मिळत होता आणि कार्डासाठी नव्वद दिवस कामाचा ठेकेदाराचा दाखला लागायचा. कुकर, कढई, परात, डबे, मोठ्ठं खोकं. गल्लीतल्या सात घरांत खोकी आली. त्यांतल्या पाच घरांत वीट कुणी हातात धरलेली नव्हती. एजंट म्हणाला, एका घराला एकच संच, कार्ड एकाच्याच नावानं काढा. घरात खरा कामगार एकच होता आणि द्वारका बाळंतपणाला माहेरी असताना त्यानं आईला विचारलंही होतं.

“आई, माझ्या नावानं काढू. काम मी करतो, कार्ड माझं असू दे.”

“तुझ्या नावाची भांडी घेऊन मी गल्लीत काय सांगू? शेजारणीच्या खोक्यावर शेजारणीचं नाव हाय.”

“बरं बाई, तूच हो मिस्त्रीण,” बद्रीनाथ हसून म्हणाला होता आणि रामकिसनकडून आईच्या नावाचा दाखला घेऊन आला होता. खोकं रिक्षातून आलं तेव्हा साळूबाईनं ते दुपारपर्यंत दारातच ठेवलं, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसावं म्हणून. पुढं मुलाच्या तेराव्याचा भात त्यातल्याच पातेल्यात शिजला. दुसरं एवढं मोठं पातेलं घरात नव्हतं.

अजरा वकिलांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “त्या नव्वद दिवसांत तुम्ही कुठं होता, ह्याचा पुरावा आहे?” हजेरीच्या वहीचं तेव्हा निघालं. मेसमध्ये एकदा खाड्यांवरून भांडण झालं होतं, तेव्हापासून काकासाहेब बायांची रोज सही घेत. साळूबाईला लिहिता येतं ते तेवढंच, स्वतःचं नाव.

“पण मग दाखला खोटा, हे तुम्हाला कोर्टात तोंडानं सांगावं लागेल. कार्ड जाईल.”

“केस व्हईल का माझ्यावर?”

“होऊ शकते. नाही होणार, असा शब्द मी देणार नाही. आणि नाही सांगितलं, तर रामकिसनचा कागद खरा ठरतो.”

साळूबाईला केसची भीती होती, पण खरी अडचण वेगळी होती. बद्रीनाथ गेल्यावर आलेला प्रत्येक माणूस विचारायचा, कार्ड होतं का? असतं तर वारसाला कामगार कल्याण मंडळाकडून मदत मिळाली असती. आणि द्वारका प्रत्येकाला सांगायची, “यांना कागदाचा लई कंटाळा. आज काढतो, उद्या काढतो. आळस नडला.” माहेरी सांगितलं, शेजारी सांगितलं, एकदा फोटोसमोर उभी राहून फोटोलाच सांगितलं. साळूबाई तिथंच भाजी निवडत बसलेली होती. तिनं एकदाही सुनेला थांबवलं नाही.

साडेनऊला डबे निघाले. साळूबाईनं हात न धुताच काकासाहेबांसमोर जाऊन सांगितलं.

“हजेरीची वही पाहिजे व्हती. कोर्टात दाखवायला.”

“कोर्टात? माझ्या मेसवर केस केली का काय?”

तिनं खाली बघत सगळं सांगितलं. काकासाहेब ऐकताना मान हलवत होते.

“म्हणजे त्याच दिवशी तुम्ही इथं पोळ्या लाटताय आन तिकडं पडेगावला विटा वाहताय. आमची मंडळी एका ठिकाणी सापडत नाय, अन् तुम्ही दोन ठिकाणी!” म्हणून ते हसले आणि कपाटाकडं गेले. वही काढून पानं उलटताना मात्र त्यांनी दाराकडं एकदा बघून घेतलं. त्यांच्याही घरात तसंच खोकं आलेलं होतं.

“वही एकटी नाय सोडत मी, संगं येतो,” ते म्हणाले. मग आवाज उतरवून, “भांड्यांचं बोलताना आमच्या घराचं नाव नगा घेऊ तेवढं.”

“नाय घेत.”

साडेबाराला पुकारा झाला. अजरा वकिलांनी दाखला दाखवून विचारलं, साळूबाईनं तो खोटा असल्याचं सांगितलं. वही न्यायाधीशांपुढं गेली. मागच्या बाकावर द्वारका लेकीला मांडीवर घेऊन बसली होती. दाखल्याचं ती पहिल्यांदाच ऐकत होती. तिच्या पुढच्या बाकावर रामकिसन मोबाइल उलटा धरून बसला होता. मग त्याचे वकील उठले.

“म्हणजे भांड्यांसाठी सरकारला फसवलं?”

“व्हय.”

“मोठ्यानं बोला.”

“व्हय. फसवलं.”

“आणि आता भरपाईसाठी खरं बोलताय?”

“त्या दिवसांत मी कुठं व्हते ते वहीत हाय. रोजची सही हाय साहेब.”

“ठीक आहे. घरात मुलगा खरा कामगार होता म्हणता. मग कार्ड त्याच्या नावानं का नाही काढलं? कारण तो कामगार नव्हताच, बरोबर?”

साळूबाईला उत्तर सोपं होतं. त्याला कागदाचा कंटाळा होता, एवढं म्हटलं की भागणार होतं. सून तर दीड वर्ष तेच सांगत होती आणि ते खोडून काढायला कुणी उरलं नव्हतं. तिनं कठड्यावरचा हात काढला. बोटांना सकाळची कणीक वाळून चिकटली होती.

“त्यो म्हटला व्हता,” ती म्हणाली. “माझ्या नावानं काढू म्हटला. म्याच नाय म्हटलं. मला माझ्या नावाचं खोकं पाहिजे व्हतं.”

न्यायाधीशांनी टंकलेखकाला वाक्य पुन्हा सांगितलं, कागदावरच्या शुद्ध भाषेत. मागं वळून बघायचं धाडस साळूबाईला झालं नाही. रामकिसनच्या वकिलांनी आणखी चार प्रश्न विचारले आणि ते बसले. काकासाहेबांची साक्ष पुढच्या तारखेला ठेवली. तारीख बावीस दिवसांनंतरची मिळाली.

व्हरांड्यात रामकिसन तिच्या शेजारून गेला. “ताई, गावात तोंड दाखवायचंय आपल्या दोघांनाबी,” एवढंच म्हणाला.

“मला नाय जमायचं ते,” साळूबाई म्हणाली. “तुझं तू बघ.”

अजरा वकील म्हणाल्या, आजची साक्ष उपयोगी पडेल, पण निकाल काय लागेल ते आत्ता सांगता येणार नाही. साळूबाईनं मान हलवली. तिचं लक्ष जिन्याकडं होतं. तिथं द्वारका झोपलेली मुलगी खांद्यावर घेऊन उभी होती.

“आत्याबाई, ते म्हटले व्हते?”

“व्हय.”

“आन मी त्यांना आळशी म्हणत राहिले. तुम्ही तिथं बसून ऐकत व्हता.”

“व्हय.”

द्वारकानं मुलीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि ती जिना उतरली. शेअर रिक्षात दोघी एकाच सीटवर बसल्या. पुढच्या चौकात एक अनोळखी बाई चढली. द्वारकानं सरकून तिला दोघींच्या मधे जागा करून दिली.

संध्याकाळी भाकरी द्वारकानं केल्या, ताटं तिनंच वाढली. बद्रीनाथच्या फोटोखालचा दिवा लावायचं काम रोज साळूबाई करते. आज ती उठायच्या आत द्वारकानं लावला.

उद्या त्यांच्या गल्लीत पाण्याचा दिवस आहे. सात दिवसांनी नळ सुटणार, पहाटे सव्वाचारला, पाऊण तास. एकीला नळाशी बसावं लागतं, दुसरीला आत वाहावं लागतं, आणि सव्वापाचला साळूबाई मेसला निघते.