मावशी गेली तो आगमनकाळ

नाताळाआधीचे चार आठवडे, म्हणजे आगमनकाळात, आमच्या मंडळीत रोज संध्याकाळी कुणाच्या ना कुणाच्या घरी प्रार्थना असायची. आदिलाबादेत, मावला गावाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमचं दगडी चर्च होतं आणि त्याच्या अवतीभवती आमची घरं. निम्मी मराठी, निम्मी तेलुगू. रविवारची उपासना वेगवेगळी व्हायची, सकाळी मराठी आणि दुपारी तेलुगू. आगमनकाळातल्या घरच्या प्रार्थना मात्र सगळ्यांच्या मिळून. पाळकसाहेब मूळचे तेलुगू, पण मराठी आमच्यासारखंच बोलायचे. ते शास्त्रपाठ एका भाषेत वाचायचे आणि बोध दुसऱ्या भाषेत सांगायचे. ज्याला जे समजलं नाही ते त्याने शेजारच्याला विचारायचं.

पाळकसाहेबांचा एक दंडक होता. ज्या घराचं कुणाशी भांडण असेल त्या घरी प्रार्थना नाही. आधी भांडण मिटवायचं, मग अंगण सारवायचं. त्यामुळे नोव्हेंबर संपत आला की बायका एकमेकींकडे विरजण मागायच्या निमित्ताने जायच्या. रोज स्वयंपाकाआधी मूठभर ज्वारी मडक्यात बाजूला टाकायची आणि नाताळच्या दिवशी ते मडकं ज्याला गरज असेल त्याच्या घरी न्यायचं. मी दहा-अकरा वर्षांची होते. मला वाटायचं, जगात सगळेच लोक असं करत असतील.

आमच्या शेजारी मराठी शाळेतले एक गुरुजी राहायचे. त्यांच्या बायकोला मी मावशी म्हणायचे. नात्याने ती आमची कुणी नव्हती, पण आई आणि ती मिळून एकाच पाट्यावर वाटण वाटायच्या, आणि मला ताप आला तर दोघी जागायच्या. मंडळीत गाणं उचलायची ती मावशीच. तिने पहिली ओळ म्हटली की पेटीवाला सूर शोधत तिच्या मागे यायचा.

तिला एकुलता एक मुलगा होता. तीन वर्षांचा होऊन तापात गेला. चर्चच्या मागे, कडुनिंबाखाली त्याला पुरलं. त्यानंतरच्या आगमनकाळात मावशी एकाही घरी आली नाही. बाळ जन्मणार म्हणून गाणी म्हणायची तिची छाती झाली नसावी. पुढच्या वर्षी मात्र आईने पहिल्याच संध्याकाळी तिच्या दारात जाऊन तिचा हात धरला आणि तिला चालवत प्रार्थनेला आणलं. मावशीने गाणं उचललं नाही, पण शेवटच्या कडव्याला तिचे ओठ हलले. त्याच्या पुढच्या वर्षी ती पुन्हा पहिल्यासारखी गाऊ लागली.

आणि त्याच वर्षी आंध्र प्रदेश झाला.

पोलीस ॲक्शनमध्ये निजामाचं राज्य गेलं आणि तहसिलीतली उर्दू गेली तेव्हा माझे बाबा, जे तिथे कारकून होते, आयुष्यभराचं लिहिणं बाजूला ठेवून नव्याने इंग्रजी अक्षरं गिरवायला बसले होते. आता म्हणे हैदराबाद राज्यच उरलं नव्हतं. आमचा जिल्हा इकडे आंध्रात राहिला, किनवट आणि राजुरा तिकडे मुंबई राज्यात गेले. मोठी माणसं ओट्यावर बसून रेषा कुठून गेली ते बोलायची. मला ती रेषा दोन शेतांमधल्या धुऱ्यासारखी दिसायची.

आगमनकाळाच्या दुसऱ्या आठवड्यात प्रार्थना आमच्या घरी होती. चहा चालू असताना गुरुजी म्हणाले, "आमचा हुकूम आला. किनवटकडच्या एका गावात शाळा देली. नाताळाच्या आधी हजर व्हा म्हनते."

बाबा म्हणाले, "इथंच राहा म्हनलं तर?"

"इथं मराठी शाळा किती दिवस चालन, कोनाले माहीत. तेलुगू मले येत नाई. काय शिकवू पोराइले?"

सगळे मावशीकडे बघत होते. तिने रिकाम्या कपबशा गोळा केल्या आणि आत नेल्या. मी तिच्या मागे गेले. ती चुलीपाशी बसून कपबशा धूत होती. धुतलेलीच बशी तिने पुन्हा राखेत बुडवली.

तिसऱ्या आठवड्यात आमची मंडळी दफनभूमी साफ करायची. गवत उपटायचं, कबरींना चुना द्यायचा. येणाऱ्यासाठी घर झाडतो तसं गेलेल्यांचंही झाडायचं, असं पाळकसाहेब म्हणायचे. पुरुष खोरी घेऊन यायचे, बायका चुन्याच्या बादल्या. त्या शनिवारी मावशीने मुलाच्या कबरीला चुना दिला, तो सुकू दिला आणि पुन्हा दिला. बाकीचे हात धुऊन निघाले तरी ती उठेना. आईने पाळकसाहेबांना बोलावलं.

मावशी त्यांना म्हणाली, "साहेब, एक विचारू? त्याले काढून नेता येते का?"

पाळकसाहेब तिच्याजवळ खाली बसले. "बाई, तो इथं नाही. तो देवाजवळ आहे. तुम्ही जिथं जाल तिथून तो तेवढाच जवळ."

मावशीने चुन्याचा कुंचला बादलीत ठेवला. मग अगदी सरळपणे, काही न समजलेल्या माणसाने विचारावं तसं तिने विचारलं, "मंग मी इतके दिवस कोनाशी बोलून राह्यली होती?"

पाळकसाहेबांनी किती लोकांना धीर दिलेला मी पाहिला होता. त्या दिवशी त्यांनी चष्मा काढला, उपरण्याने पुसला आणि तो हातातच ठेवला. शेवटी आई म्हणाली, "मी बोलीन त्याच्याशी. तू जा. दर नाताळाले मी येईन इथं." मावशीने आईच्या खांद्यावर डोकं टेकवलं. तिच्या हाताचा चुना आईच्या पदराला लागला.

नाताळ चार दिवसांवर आला असताना ते निघाले. स्टेशनवर सगळी मंडळी आली होती, तेलुगू घरंसुद्धा. समोरच्या घरातल्या अक्काने अरिसेलूचा, म्हणजे त्यांच्याकडच्या अनारशांचा, डबा मावशीच्या मांडीवर ठेवला आणि तेलुगूत काहीतरी म्हणाली. मावशीला ते समजलं नसावं, पण तिने मान हलवली. कुणीतरी गाणं म्हणू या म्हणालं, पण गाणं उचलायचं कुणी? तेवढ्यात गाडी सुटली. मावशी खिडकीत बसली होती, पण ती आमच्याकडे बघत नव्हती. ती चर्चच्या बाजूला बघत होती. तिथून चर्च दिसत नाही.

त्या वर्षी नाताळची उपासना पहिल्यांदा एकच झाली, कारण आणखी काही मराठी घरं आधीच गेली होती. पाळकसाहेबांनी मराठीत एक गाणं ठेवलं होतं. पेटीवाल्याने सूर धरला. आईने पहिली ओळ म्हणायला तोंड उघडलं आणि तिचा आवाज फुटलाच नाही. तेव्हा मागच्या रांगेतून अक्काने चाल उचलली. शब्द तिला येत नव्हते, तिने नुसती चाल गुणगुणली, आणि हळूहळू आम्ही त्यात शब्द घातले. उपासना संपल्यावर आई मेणबत्ती घेऊन कडुनिंबाखाली गेली. अक्काही तिच्याबरोबर गेली. पुढे दर नाताळला त्या दोघी जायच्या.

किनवट काही परमुलूख नव्हता. सकाळी गाडीत बसलं की दुपारच्या आत माणूस पोचायचा. तरी मावशी कधी आली नाही. दोन वर्षांनी आई मला घेऊन तिच्याकडे गेली. मावशी वाळली होती. तिने आम्हाला भाकरी आणि अंबाडीची भाजी वाढली, माझी वेणी घातली, गावातल्या एकेकाची चौकशी केली. मुलाचं नाव मात्र काढलं नाही. निघताना आईने विचारलं, "तू काऊन येत नाईस गं? एक नाताळ तरी ये."

मावशी म्हणाली, "एकदा उठून आली मी तिथून. आता बसली तर पुन्हा नाई उठायची."

परतीच्या गाडीत आई सगळा वेळ तोंडावर पदर धरून बसली होती. समोरच्या बाईने विचारलं, घरी कोणी गेलं का. आई म्हणाली, "नाई, सगळे आहेत."

मी शाळा संपवली तोवर आमच्याकडची मराठी उपासना बंद झाली होती. बाबा तेलुगू बायबल बोट ठेवून वाचायचे आणि अडलं की अक्काच्या मुलीला विचारायचे. आगमनकाळातल्या घरच्या प्रार्थना तशाच चालू होत्या. एका वर्षी पहिल्याच आठवड्यात, प्रार्थना आमच्याकडे असताना, गुरुजी दारात येऊन उभे राहिले. एकटेच. हातात पिशवी. आईने त्यांच्याकडे पाहिलं आणि तिला कळलं.

मावशी पावसाळ्यातच गेली होती. छातीचं दुखणं. त्यांनी तिला तिथेच पुरलं होतं.

गुरुजी भिंतीला टेकून बसले. प्रार्थना तेलुगूत चालली होती, त्यातलं त्यांना काही समजत नव्हतं. शेवटी पाळकसाहेबांनी त्यांना हळूच सांगितलं, "गुरुजी, तुम्ही प्रार्थना करा. मराठीत करा." गुरुजींनी डोळे मिटले. "हे आमच्या बापा," म्हणाले. पुढचा शब्द आला नाही. सगळं घर मान खाली घालून थांबलं होतं. कुणी खाकरलं नाही, कुणी आमेन म्हणून त्यांची सुटका केली नाही. बऱ्याच वेळाने ते स्वतःच "आमेन" म्हणाले.

सकाळी बाबांनी त्यांना चर्चच्या मागे नेलं. ते कुंपणापर्यंत गेले आणि तिथेच थांबले. "इथं होतो तवा ती येत होती म्हनून मी यायचा," ते म्हणाले. मग बाबा आणि ते तसेच परत आले.

आईने त्यांच्यासाठी करंज्यांचा डबा भरला. मोठा डबा, काठोकाठ. त्यावर फडकं बांधून गाठ मारताना तिचा हात थांबला. इतकं खायला तिकडे घरात कुणी नव्हतं. तिने गाठ सोडली नाही. डबा तसाच त्यांच्या पिशवीत ठेवला आणि ती चुलीकडे गेली. दुसऱ्या दिवशीची प्रार्थना अक्काच्या घरी होती आणि मुठीची ज्वारी अजून मडक्यात पडायची होती.