फाटकावरचं चिनी अक्षर

मंडळी, सकाळपासून मन कडू झालंय, म्हणून लिहितोय.

माझी मुलगी दीपाली पुण्यात चिनी भाषा शिकते. सुट्टीसाठी ती आमच्या प्रकाशा गावी घरी आलीय. आज तिने आमच्या नव्या फाटकावर रंगाने एक मोठं अक्षर काढलं: 陶. म्हणजे मातीची भांडी. आजोबांसाठी भेट. माझ्या वडिलांनी जन्मभर चाक फिरवून मडकी घडवली.

ती त्यांना समजावत होती, "आबा, डावीकडे मातीचा उंचवटा. उजवीकडे भांडं आणि त्यावर वाकलेला माणूस, असं काही जण सांगतात. आणि याच अक्षराचा दुसरा अर्थ आहे आनंद."

वडील काठी टेकून बघत होते. त्यांची पाठ आता सरळ होत नाही.

"जेनी हाई आनंद म्हनीसन लिखं, तेनी माती मळेल नही," ते म्हणाले. "पुसी टाक, माय. मन्हा दारवर वाकेल माणूस नको."

दीपालीने ओला रंग फडक्याने पुसला. दुपारी दोघंही जेवली नाहीत.

"आम्ही कुंभाराची मुलं" असं मी चारचौघांत मोठ्या तोऱ्यात सांगतो. तुमच्याही घरी असा एखादा अभिमान असेल. ज्याची पाठ त्यात मोडली, त्याला कधी विचारलंत का?