देवाला सोडलेला गोऱ्हा

वासरू धरायचं तर त्याच्या मागे धावायचं नाही, एवढं साधं आमच्या घरातल्या पुरुषांना जन्मात कळलं नाही. काठ्या घेऊन गोठाभर नाचायचे, वासरं गव्हाणीखाली दडायची, आणि शेवटी चुलीपाशी हाक यायची, "अगं, ये बाई तूच!" मग मी हात पुसत जाई. वासराकडे पाठ करून उकिडवी बसे आणि पदराचं टोक मिठाच्या पाण्यात भिजवून मागे सोडून देई. थोड्या वेळानं पदर ओढला जाई. वासरू चघळण्यात दंग झालं, की एक हात हनुवटीखाली, एक शेपटीच्या मुळाशी. झालं काम!

नारायण पेठेच्या टोकाला, नदीच्या उतारावर आमचा गोठा होता. दूध पेठेत जाई, गोऱ्हे मोठे करून विकले जात.

एक गोऱ्हा मात्र विकायचा नव्हता. आमचे हे फौजेबरोबर गाड्या घेऊन उत्तरेत गेले होते. पावसाळा उलटला तरी निरोप नाही. शेजारणी माझ्या कुंकवाकडे बघत आणि नजर वळवत. तेव्हा मी नदीकाठच्या महादेवाला बोलले, "यांना सुखरूप आण. गाईला गोऱ्हा झाला तर तुझ्या नावानं सोडीन." सोडायचा म्हणजे त्रिशूळाचा डाग देऊन मोकळा करायचा. त्याला कुणी बडवून बैल करायचा नाही, जुंपायचा नाही. वळू होऊन त्यानं खुशाल पेठांतून हिंडायचं.

हे आले. हाडं आणि दाढी, एवढेच उरले होते, पण आले. पुढं गाय व्याली, गोऱ्हाच झाला. नवस सांगितला तेव्हा ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी स्वतः पाहिलं, हो!

गोऱ्ह्याला शिंगं फुटली. एका सोमवारी हे म्हणाले, "डाग देणारा आलाय. तू धर, तुझ्याशिवाय तो हाताला लागायचा नाही."

मी त्याच्यासाठी झेंडूची माळ करून ठेवली होती. बसले, पदर सोडला. लबाड कुठला, धावतच आला. मीच त्याच्या गळ्यात दावं घातलं. ह्यांनी आणि गड्यांनी पाय बांधून त्याला आडवा केला. मग माझं लक्ष गेलं, निखाऱ्याची शेगडीच नव्हती. आलेल्या माणसाच्या हातात दोन गुळगुळीत दांडकी होती. बैल बडवायची.

"अहो, हे काय?"

"तू घरात जा."

"अहो, देवाचा आहे तो!"

"तोफखान्याच्या माणसाला शब्द दिलाय मी. तोफ ओढायला, एका बैलाच्या जोडीला त्याला असाच हवाय."

"आणि देवाला दिलेला शब्द?"

"तो तू दिलास. मी कुठं दिला?"

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. कुणासाठी दिला होता हो तो शब्द? कुणाच्या जिवासाठी? मी दावं सोडवायला वाकले, तर ह्यांनी दंडाला धरून मला बाजूला केलं. गोऱ्हा ओरडला तेव्हा माझ्या फाटलेल्या पदराचा ओला तुकडा अजून त्याच्या तोंडात होता. केसानं गळा कापला माझा, आणि तोही माझ्याच हातांनी दावं घालून घेऊन. महिन्याभरात त्याला घेऊन गेले. माळ गाईनं खाल्ली.

त्यानंतर मी गोठ्यात बसून पदर सोडला नाही. पुरुष काठ्या घेऊन धावत, पडत, शिव्या देत. मी भाकऱ्या थापत असे.

पुढच्या दसऱ्याला हे पुन्हा फौजेबरोबर निघाले. मी ओवाळलं, हातावर दही दिलं. रीत ती रीत. उंबरा ओलांडून हे थांबले, जरा घुटमळले.

"या खेपेस काय बोललीस देवाला?"

"काही नाही," मी म्हणाले. "तुमचं तुम्ही बोला."