एका वितेवरचा चष्मा

तूरानखानमच्या हातात दोरा आला तेव्हा ती स्वतः नवी सून होती. सासूच्या हातांना कंप सुटला होता, आणि इराणमधल्या यज्द शहराच्या त्या मोहल्ल्यात बायकांचे चेहरे साफ करणारं दुसरं कुणी नव्हतं. सासूनं तिला आधी स्वतःच्या पोटरीवर हात बसवायला लावला. दोऱ्याचं एक टोक दातात, मध्ये पीळ, दोन्ही हातांच्या बोटांत फासे. मान मागे गेली की पीळ सरकतो आणि केस मुळापासून निघतो. तूरानच्या पोटऱ्या महिनाभर लाल राहिल्या. नंतर सासू म्हणाली, आता माझी हनुवटी घे, आणि त्या दिवसापासून तिनं दोऱ्याला हात लावला नाही.

मोहल्ल्यातली बहुतेक लग्नं त्यानंतर तूरानखानमच्या दोऱ्याखालून गेली. लग्न ठरेपर्यंत मुलीनं चेहऱ्याला दोरा लावायचा नाही, अशी रीत. लग्नाच्या आदल्या दिवशी दोन्हीकडच्या बायका जमतात, दृष्ट लागू नये म्हणून इस्पंदच्या बियांची धुरी होते, डफ वाजतो, आणि नवरीच्या गालावरची पहिली लव निघते. ती काढणारा हात संसार टिकलेल्या बाईचा लागतो. तूरानखानमचा टिकला होता. म्हणजे नवरा वर्षानुवर्षं तिच्याशी फारसं न बोलता तिच्या हातचं जेवत आला होता. तेवढं लोकांना पुरे होतं.

डोळे कधी अधू झाले ते तिलाच कळलं नाही. काम बोटं करत होती, म्हणून डोळ्यांची चौकशी कुणी केली नाही. मग एके दिवशी इशरतखानमच्या डाव्या भुवईत शेपटाकडे खिंड पडली.

इशरतनं आरशात पाहिलं, बोट फिरवलं, आणि आरसा पालथा ठेवला.

"तूरानखानम, भुवई आवरायला सांगितली होती गं. वाटण्या करायला नव्हती सांगितली."

खोलीतल्या बायका हसल्या. तूरानही हसली. आठवड्याभरात ते वाक्य पावाच्या रांगेपर्यंत पोहोचलं. हसण्याचं तिला काही वाटलं नसतं, पण इशरतच्या मुलीचं, महरुखचं, लग्न वसंतात ठरलं होतं. इशरत नवरी होती तेव्हा तिचा चेहरा तूराननं केला होता. मुलीचाही तिनंच करायचा, हे इतकी वर्षं बोलायचीही गरज पडली नव्हती. आता इशरत भेटली की कपड्यांचं बोलायची, मिठाईचं बोलायची. दोऱ्याचा विषय काढत नसे. या घरातून बोलावणं आलं नाही, तर पुढच्या घरांतूनही येणार नाही, हे दोघींना माहीत होतं.

"चष्मा लाव," तिची मुलगी फख्री म्हणाली.

"दोरेवाली चष्मा घालून आली तर म्हणतील, आंधळी आली."

"आणि आत्ता काय म्हणतायत?"

तूराननं चहा ओतला. पेला भरून बशीत सांडेपर्यंत ओतला. फख्रीनं नुसतं बशीकडे पाहिलं.

चष्मेवाले आगा कलंतरी यांचं दुकान मशिदीच्या मागच्या रस्त्यावर होतं. भिंतीवर फणीसारख्या खुणांचा तक्ता. फणीचे दात कुठल्या बाजूला आहेत ते हातानं दाखवायचं. वरच्या ओळी तूराननं भराभर दाखवल्या. खालच्या ओळींना ती गप्प राहिली. गप्प राहण्यात तिचं काही चुकत नव्हतं, पण शाळेत न गेलेलं माणूस तक्त्यासमोर उभं राहिलं की अपराधी दिसतंच.

"लांबचं ठीक आहे, हाजीखानम. जवळचं गेलंय," कलंतरी म्हणाले. "जवळचं काय काम करता?"

दुकानात आणखी दोन पुरुष होते. एक काच पुसत होता, दुसरा आपली पाळी येण्याची वाट बघत होता. मी बायकांच्या ओठांवरचे केस काढते, असं परक्या पुरुषाला सांगायचं कसं? ज्या केसांचं असणंच घराबाहेर कुणी कबूल करत नाही, त्यांचं नाव दुकानात घ्यायचं? तिनं डोक्यावरून घेतलेली चादर हनुवटीखाली आवळली.

"कुराण वाचते," ती म्हणाली.

फख्री चौकटींच्या काचेच्या कपाटापाशी उभी होती. तिनं ऐकलं, आईकडे पाहिलं, आणि पुन्हा चौकटी बघू लागली.

"लाकडी रेहलवर उघडं ठेवून ना? म्हणजे एक हात अंतर," कलंतरी म्हणाले आणि त्यांनी एका हातावर पुस्तक धरून भिंगं बदलली. अक्षरं एकदम शिस्तीत आली. चौकट फख्रीनं निवडली. रुंद, तपकिरी.

"मास्तरीण दिसतेस," ती म्हणाली.

"मास्तरीण झाले असते तर इथे कशाला आले असते," तूरान म्हणाली, आणि तीच चौकट घेतली.

घरी येऊन तिनं खरंच कुराण उघडलं. एरवी ती पाठ होतं त्यावरच निभावून नेत असे. आता अक्षरांची टिंबंसुद्धा वेगवेगळी दिसत होती. तिनं फख्रीला समोर बसवलं, दोरा दातात धरला आणि वाकली. फख्रीचा ओठ वाफेत गेल्यासारखा झाला. मान मागे घेतली की केस दिसायचा, पण तिथून दोऱ्याला जोर येत नव्हता. पुढे वाकलं की जोर यायचा आणि केस नाहीसा व्हायचा. रुंद चौकटीची कड फख्रीच्या कपाळावर आपटली.

"आई गं."

"हलू नकोस."

"मी हलले नाही. तू ढुशी दिलीस."

तूराननं दोरा तोंडातून काढला. पुस्तक एका हातावर असतं आणि चेहरा एका वितेवर. हे तिला दुकानातही माहीत होतं. इशरतच्या घरी कापड बेतायला सुरुवात झाली होती.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच गेली. दुकान रिकामं होईपर्यंत दाराबाहेर उभी राहिली.

"काच बरोबर आहे, हाजीखानम," कलंतरी चष्मा उजेडात धरून म्हणाले. "मी स्वतः तपासलीय."

"काच बरोबर आहे. मीच चूक सांगितलं."

चादरीच्या आत खिशातून तिनं दोऱ्याची रीळ काढून फळीवर ठेवली. तेवढंच. कलंतरींनी रिळीकडे पाहिलं. त्यांच्या घरातही बायका होत्या.

"किती अंतर?"

तूराननं वीत दाखवली.

"असं अंदाजानं नको. आई!" त्यांनी आतल्या पडद्याकडे तोंड करून हाक मारली. "या बाईंना आत घे. त्या काम करतील तेव्हा त्यांचा डोळा आणि तुझी हनुवटी यांत किती अंतर राहतं ते फीत लावून सांग."

"माझ्या हनुवटीला काय झालंय?" आतून आवाज आला.

"काही झालं नाही. मोजायची आहे."

आत एक जाड म्हातारी गादीवर पाय पसरून पिस्ते फोडत बसली होती. तिनं तूरानला नीट न्याहाळलं आणि मांडीवरची टरफलं झटकली. "मुलगा चष्मे विकतो आणि आईच्या हनुवटीवर गवत वाढलंय ते त्याला दिसत नाही," ती म्हणाली. तूराननं मोजण्यापुरता दोरा लावला खरा, पण म्हातारी उठू देईना. ही बाजू झाली, आता ती. मध्येच तिनं फीत धरून पडद्यापलीकडे आकडा ओरडून सांगितला. जुना चष्मा अजून तूरानच्या नाकावर होता.

"तुझ्या काचा माझ्या नाकाला लागतायत, बाई. दोघींत एकच चष्मा कर म्हणावं त्याला."

या वेळी तूराननं चौकट स्वतः निवडली. बारीक तारेची, लहान गोल, काड्या कानालगत चिकटून बसणाऱ्या, म्हणजे हात फिरताना अडणार नाहीत. वाकल्यावर घसरू नये म्हणून घरी तिनं दोन्ही काड्यांना कामाचाच सुती दोरा बांधला आणि डोक्यामागे गाठ मारली.

"हे काय?" नवऱ्यानं विचारलं.

"चष्मा."

"बरं," तो म्हणाला आणि रोटी मोडली.

जड भिंगाची सवय व्हायला वेळ लागला. एका वितेच्या पलीकडे जग वितळायचं. चष्म्यासकट उठली की फरशी वर यायची, दाराची चौकट सरकायची. मग ती शिकली: आधी वाकायचं, मग चष्मा खाली ओढायचा, आधी चष्मा कपाळावर, मग उठायचं. नमाजाच्या वाकण्या-उठण्यासारखा त्यालाही क्रम आला.

अंगवळणी पडायला कठीण गेले ते चेहरे. वितेवरून चेहरा हा चेहरा राहत नाही. छिद्रं, जुने व्रण, ओठाच्या कडेला वर्षानुवर्षं दाबून धरलेल्या शब्दाची रेघ. इतकी वर्षं तिच्या बोटांखालून जे गेलं, ते तिनं पाहिलंच नव्हतं. कुणी कुणाला इतक्या जवळून पाहत नाही; नवरा पाहतो तेव्हा दिवा नसतो. बायकाही बिचकल्या. "अशी बघू नकोस गं, डॉक्टरीण बघते तशी," एक म्हणाली आणि तिनं डोळे मिटून घेतले. पण काम स्वच्छ होऊ लागलं. भुवया जोडीच्या निघू लागल्या. ही बातमीही पावाच्या रांगेत पोहोचली असणार, कारण लग्नाच्या तीन दिवस आधी इशरतचं बोलावणं आलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी खोली भरली होती. मुलाकडच्या बायका भिंतीला टेकून ओळीनं बसल्या होत्या, मधोमध मुलाची आई. डफ वाजत होता. महरुखला चौरंगावर बसवलं होतं, खांद्यावर पांढरं कापड. तूरान तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. चेहऱ्याला पांढरी पूड लावण्याआधी तिनं चष्मा खाली ओढला आणि वाकली.

गाल साफ होता. ओठावर काही नव्हतं. भुवयांखाली बारीक लाल ठिपके होते, कालचे. कुठल्या तरी पार्लरमधल्या मुलीच्या सरावलेल्या हाताचे. नवऱ्या हल्ली आधीच जाऊन येतात, हे तिनं ऐकलं होतं. तिच्या दोऱ्याखाली आलेल्या किती जणी अशा होत्या, ते आता कळायला मार्ग नव्हता. महरुखच्या डोळ्यांत पाणी साचू लागलं होतं.

"आई घेऊन गेली," महरुख ओठ न हलवता म्हणाली. "भुवयांची भीती वाटली तिला. तुम्ही रागावू नका."

डफाच्या आवाजात ते एका वितेपलीकडे गेलं नाही.

"कशी आहे आमची सून?" मुलाची आई भिंतीकडून म्हणाली. हा प्रश्न विचारायचाच असतो, आणि उत्तर दोरेवालीनंच द्यायचं असतं.

तूराननं मान वर केली. खोली, बायका, इशरत, सगळं एकच रंगीत ओलसर डाग झालं होतं. त्यातली इशरत कुठली, ते ओळखू येत नव्हतं.

"साय आहे," ती म्हणाली. "कुणाचा हात लागलेला नाही."

बायकांनी जिभा हलवून किलकारी केली. नवरीवर नाणी आणि खडीसाखर पडली. तूराननं पूड लावली, दोरा दातात धरला आणि गालावरून फिरवला. पीळ करकरला. कापडावर काहीच पडलं नाही. ती कपाळावर गेली, मग दुसऱ्या गालावर. दोरा रिकामा जात होता आणि रिकाम्या दोऱ्याचाही आवाज तोच होता.

कानाखाली, जबड्याची कड जिथे मानेकडे वळते, तिथे ती थांबली. पार्लरवालीनं ती जागा सोडली होती. केसांच्या आडोशाला लव तशीच होती, मऊ, सोनेरी, जन्मापासूनची. तिनं दोरा लावला. महरुखचा खांदा दचकून वर गेला.

"दुखलं?"

"हो."

"दुखणारच. बस नीट."

ती हळूहळू काढू लागली. एक एक. घाई करण्यासारखं काही नव्हतं. पांढऱ्या कापडावर ते केस दिसत होते, तिला तरी दिसत होते. डफवाली दमली आणि थांबली, सरबताचे पेले फिरू लागले.

"झालं का गं?" इशरतचा आवाज आला, जरा चाचरत.

"नाही," दातांत दोरा धरूनच तूरान म्हणाली. "अजून आहे."