गोठ्यात पोचलेली कविता

मंडळी, आज भर पालकसभेत माझी चांगलीच जिरली. आणि खरं सांगू? बरं वाटलं.

मी कसबा बावड्यात तिसरीला शिकवते. रोज संध्याकाळी वर्गातली कविता माझ्या आवाजात रेकॉर्ड करून पालकांच्या ग्रुपवर टाकते. पण त्या निमित्तानं पोरं मोबाईल घेऊन कोपरा धरतात, असं वाटायला लागलं होतं. म्हणून आज सभेत सांगून टाकलं, "आजपासून कविता बंद."

श्रेयाची आई ताडकन उठली. "बाई, बंद करू नगासा! आमची म्हस धार देईना की मग!"

सगळे खो खो हसले. ती मात्र हसली नाही.

"खरंच की. धार काढताना माझं दोन्ही हात गुतल्यालं असत्यात, म्हणून फोन खिडकीत ठेवती. तुमच्या मागनं श्रेया म्हणती, मीबी म्हणती. म्हशीला आता त्याचीच सवय लागलीया. एरवी पोरीसंगं बसायला मला कुठं टाइम घावतोय?"

मी निर्णय तिथंच मागं घेतला. वर्गात कुठलं तंत्रज्ञान आणावं, यावर प्रशिक्षणात मी ढीगभर ऐकलंय. आता माझा प्रश्न एकच: त्यानं पोर एकटं पडतं, की कुणाच्या तरी शेजारी जाऊन बसतं?

तुमच्या घरी काय होतं, सांगा की.

आजची कविता मघाशीच पाठवली. जरा सावकाश म्हटली. म्हशीला घाई चालत नाही.