फुकटचा हुला आणि जयंतभाऊंचं पॅकेज

सनीव्हेलच्या जयंतभाऊंनी आम्हा दोघी बहिणींना फसवलं. हवाईत हुला (तिथला पारंपरिक नाच) फुकट बघायला मिळतो हे त्यांना ठाऊक होतं, आणि तो कुठंच फुकट नसतो असं सांगून त्यांनी आमच्या गळ्यात जेवणासकट शोची तिकिटं मारली. हे आधीच लिहून ठेवते, म्हणजे पुढं मी खिदळताना दिसले तरी मी ते विसरले असं कुणी समजू नये.

मी मूळची मिरजेची. आता अमेरिकेत सनीव्हेलला पोळीभाजीचे डबे पुरवते. अपार्टमेंटमधल्या शेगडीवर सुरुवात केली, आज माझं स्वतःचं किचन आहे. पिठाच्या व्यापाऱ्यापासून जागेच्या मालकापर्यंत पहिला सांगितलेला भाव मी कुणालाच दिलेला नाही. जयंतभाऊंशी मात्र घासाघीस केली नाही. मंडळाच्या गणपतीत शेजारी बसून मोदक खाणारा माणूस, नोकरी सांभाळून टूरची पॅकेजं विकतो, म्हटलं आपलाच आहे.

आणि घाई होती ती अक्काची. अक्का माझी थोरली बहीण. मिरजेत मंगळागौर कुणाकडेही असो, खेळ घ्यायला अक्का. करवंट्यांच्या झिम्म्यात तिचा हात धरणारी बाई आमच्या गल्लीत नव्हती. पण गुडघे गेले, आणि आता ती दाराशी खुर्ची टाकून बसते आणि खेळणाऱ्यांच्या पर्सा सांभाळते. अमेरिकेला ती पहिल्यांदाच आली होती. नातीनं तिला फोनवर एक व्हिडिओ दाखवला होता. त्यात पांढऱ्या केसांच्या हवाईयन बायका, काही चटईवर, काही चक्क खुर्चीत, बसल्या बसल्या नाचत होत्या. अक्का ग्रँड कॅन्यन नको म्हणाली, न्यूयॉर्क नको म्हणाली. "मला त्या खुर्चीतल्या बायका बघायच्यात," एवढंच.

होनोलुलूला विमानतळाबाहेर पाऊल टाकलं आणि अक्का थबकली. वारा ओलसर, गोड, आणि समोर झाडभर देवचाफा. तिनं पडलेलं एक फूल उचलून केसात खोवलं आणि जाणाऱ्या-येणाऱ्याकडे बघून हसत सुटली. मलाही हसू आवरेना. टॅक्सीवाल्याशी मी भावावरून वाद घातला, तोही हसत हसत. तो हरला आणि वर आम्हाला समुद्राकडच्या रस्त्यानं नेलं.

त्याच संध्याकाळी जयंतभाऊंचा शो. लांबलचक टेबलं, शंभर माणसं, स्टेज पार पलीकडे. ताटात पोई (अळकुड्या उकडून कुटलेली जांभळट लापशी) आली. अक्कानं बोटानं चाटून पाहिली आणि म्हणाली, मीठ विसरलेत. मग आलं लाउलाउ (अळूच्या पानात बांधलेली पुरचुंडी). अळूचं पान बघून तिला कोण आनंद झाला, पुरचुंडी सोडली, तर आत डुक्कर. तिनं पान पुन्हा नीट मिटलं, जसं कुणाला झोपवतेय. त्या रात्री तिचं जेवण म्हणजे अननस आणि भात. स्टेजवर पोरींनी कंबर हलवली, एकानं जळते पलिते फिरवले, मग प्रेक्षकांतले काही काका ओढून वर नेले आणि त्यांच्याही कमरा हलवून घेतल्या. अक्का हसून हसून रडली.

"मजा आली," ती परत येताना म्हणाली. "पण ह्या त्या बायका नव्हेत."

दुसऱ्या दिवशी आम्ही वायकिकीच्या किनाऱ्यावर भटकत होतो. सूर्य बुडायला आला आणि कुठूनतरी शंख वाजला. अक्काचे हात आपोआप जोडले गेले. तिला वाटलं, आरती. आवाजाच्या दिशेनं गेलो तर एका प्रचंड वडाखाली मशाली पेटवल्या होत्या, गवतावर माणसं पसरली होती, आणि समोर हुला चालू. तिकीट नाही, टेबल नाही, दोरी नाही. मी दोनदा चौकशी केली, पैसे नंतर घेतात का म्हणून. शेजारची बाई म्हणाली की नाही हो, हा किती वर्षं असाच असतो, सगळ्यांसाठी. माझ्या डोक्यात तिडीक गेली. तिथूनच जयंतभाऊंना फोन लावला. त्यांनी उचलला नाही. अक्का म्हणाली, फोन ठेव आणि बघ.

म्हणून बघितलं. नाचणाऱ्यांचे पाय गवतावर सरकत होते, हात लाटा काढत होते, पाऊस पाडत होते, मधेच डोंगर उभा करत होते. शब्द कळत नव्हता, पण काय चाललंय ते कळत होतं. मी चपला काढून पाय पसरले. शेजारच्या बाईला अक्कानं खुर्चीची खूण करून विचारलं, आणि तिला ते लगेच समजलं. बेटाच्या पलीकडच्या अंगाला एक पार्क आहे, तिथं शनिवारी सकाळी म्हाताऱ्या बायकांचा सराव असतो, कुणीही जावं.

शनिवारी आम्ही बसनं डोंगर ओलांडला. बोगद्यातून बाहेर पडलो तर समोर हिरवेगार कडे, पावसाळ्यातल्या आंबोलीसारखे, आणि खाली निळा समुद्र. अक्कानं बसमध्ये गाणं धरलं. मी गप्प बस म्हणणार होते, पण ड्रायव्हर डोकं हलवून ताल धरायला लागला, मग मीही म्हटलं.

पार्कात झाडाखाली चटया, खुर्च्या, फुलाफुलांचे झगे घातलेल्या दहाबारा बायका. पुढं भोपळ्याचं वाद्य घेऊन बसलेली पुआ आंटी. तिथं ओळख नसली तरी मोठ्या बाईला आंटीच म्हणतात, आपल्या मावशीसारखं. अक्काला बघताच ती उठली, लेई (फुलांचा हार) आणून एक अक्काच्या गळ्यात घातली, एक माझ्या. ताज्या चाफ्याची.

आणि मला जयंतभाऊंचा इशारा आठवला. निघण्याआधी त्यांनी बजावलं होतं, की तिकिटाशिवाय कुठं जाऊ नका, फुकट म्हणून बोलावतात, गळ्यात हार घालतात आणि मग पैसे घेतल्याशिवाय सोडत नाहीत. हार घातला की लगेच काढून परत द्या. तीर्थाच्या ठिकाणी हातात फूल कोंबून दक्षिणा मागणारे मी आयुष्यभर बघितलेत, मला ते शंभर टक्के पटलं होतं. मी झटकन माझी लेई काढली, अक्काच्याही गळ्यातली ओढून काढली, आणि दोन्ही त्या बाईच्या हातात दिल्या. "नो, थँक यू."

बायका वळून बघायला लागल्या. पुआ आंटी हातातल्या फुलांकडे बघत राहिली. खुर्चीतल्या एका बाईनं मला हळूच समजावलं, की लेई देणाऱ्यासमोर काढायची नसते, ते तिचं प्रेम तोंडावर परत केल्यासारखं होतं. सकाळी स्वतःच्या झाडाची फुलं तोडून आंटीनं त्या ओवल्या होत्या.

"काय केलंस तू?" अक्का म्हणाली. "कुणी हळदीकुंकू लावलं तर पुसून त्याच्या हातात देतेस का?"

मी पैसे द्यायला पर्स उघडली. अक्कानं माझ्या हातावर चापट मारली. मग काठी टेकत ती पुढं गेली, पुआ आंटीसमोर उभी राहिली, इंग्रजी येत नाही म्हणून नुसते हात जोडले आणि मान खाली वाकवून तशीच ठेवली. शेवटी आंटीनं लेई तिच्या गळ्यात घातली. मग दुसरीही तिच्याच गळ्यात घातली. माझ्याकडे बघून म्हणाली, "तू बस. आधी शिक."

अक्काला खुर्ची मिळाली, मला चटई. सगळ्यांच्या हातात गुळगुळीत काळे दगड दिले, एका हातात दोन. बोटांत धरून ते एकमेकांवर वाजवायचे आणि त्याच तालावर हात फिरवायचे. माझे दगड उडाले, एक शेजारणीच्या पायावर, एक झुडपात. बायका खो खो हसल्या, मीही लोळले. पण अक्काकडे बघितलं आणि हसू थांबलं. तिचे दगड बोलत होते. खट, खटखट, खट. करवंट्यांचा हात तो, तो कुठं विसरतोय. कंबरेपासून वर ती पूर्ण नाचत होती, डोळे मिटून, दोन हार छातीवर हेलकावत. पुआ आंटीनं भोपळ्याचा वेग वाढवला, अक्कानं गाठला. आंटीनं अजून वाढवला. अक्का ओरडली, "घे," आणि तोही गाठला. सगळ्या बायका तिच्यासाठी ताल धरून बसल्या होत्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिच्या मांडीवर कुणाची पर्स नव्हती.

निघताना आंटीनं अक्काला छातीशी धरलं. माझा हात हातात घेतला, हसली, गाल थोपटला. लेई दिली नाही. मी मागितली नाही. ती मागायची वस्तू नव्हे, एवढं मलाही कळलं.

परत सनीव्हेलला आलो. अक्का माझ्या किचनमध्ये नारळ फोडते, करवंट्या घासून गुळगुळीत करते आणि खुर्चीत बसून वाजवते. मिरजेला फोन करून तिनं सांगून ठेवलंय, की येत्या मंगळागौरीला गुडघे गेलेल्या सगळ्या बायकांना बोलवा, खुर्च्या मांडा, खेळ मी घेणार.

जयंतभाऊंनी माझी दोन भांडणं ऐकली आणि तिकिटांचे पैसे मुकाट्यानं परत पाठवले. त्याचा हिशेब संपला. पण जयंतभाऊ, तुम्ही सांगितलंत म्हणून मी एका बाईचं प्रेम गळ्यातून काढून तिच्या हातात दिलं, त्याचं काय? ते कुठल्या अॅपवरून परत पाठवणार आहात? आमच्याकडे पुढच्या रविवारी जेवायला या. अक्का समोर असेल, मंडळातली माणसं असतील. तिकीट विकायला आमच्या मनात त्या बायकांबद्दल विष का कालवलंत, ते सगळ्यांसमोर सांगा. उत्तर मिळाल्याशिवाय मी ताट वाढणार नाही.