उंदरावर शिंपडलेलं पाणी

"अगं ए! माती तुझ्या बापानं आणली म्हणून देव तुझा झाला का?"

गढीच्या वहिनीसाहेब तांब्या घेऊन धावत आल्या. मी तेव्हा लहान; गणपतीच्या उंदराला बोट लावलं होतं. त्यांनी आधी उंदरावर पाणी शिंपडलं. मग मी उभी होते त्या फरशीवर. उरलेलं माझ्या अंगावर फेकलं. आरतीला जमलेलं गाव बघत राहिलं. कोणीतरी हसलं. बाबा अंगणाबाहेर उभे होते. "चल," एवढंच म्हणाले.

इंदूरजवळच्या हातोदकडचं आमचं गाव. कुणा सरदाराच्या लवाजम्याबरोबर आमचे पूर्वज माळव्यात आले. मराठी बोलत राहिले, गावकुसाबाहेर राहिले. गढीच्या गणपतीसाठी तळ्यातली माती आणायची आमच्या घरानं. पायांनी तुडवून मऊ करायची आमच्याच घरानं. मूर्तीत प्राण आले की हात लावायचा नाही. विसर्जनाला, खोल पाण्यात न्यायला, पुन्हा आमचेच खांदे. मधले सगळे दिवस देव त्यांचा.

मी आता इंदूरच्या एका शाळेत ग्रंथपाल आहे. बडा गणपतीच्या देवळाजवळचं एक मराठी मंडळ मुलांसाठी गावाकडच्या देवाधर्माच्या गोष्टींचं पुस्तक काढत होतं. मी ही गोष्ट लिहिली. बाबांना वाचून दाखवली. ते म्हणाले, "छापतील?"

मागच्या महिन्यात बाबा गेले. त्यानंतर पुस्तकाची कच्ची प्रत आली. गोष्टीत पाणी नव्हतं. बाप्पा मुलीच्या स्वप्नात येतो, मोदक देतो, सकाळी वहिनीसाहेब तिला जवळ घेतात. चित्रात बाबा कुठेच नाहीत.

मी मंडळात गेले. संपादक काका हसून म्हणाले, "अहो ताई, फक्त पाणी काढलं. बच्चे लोक वाचणार, त्यात हे सगळं कशाला? आता कोण मानतं जात-बित? मोदक बघा ना, क्या मस्त काढलाय!"

"माझ्या स्वप्नात कोणी आलं नव्हतं," मी म्हटलं. "माझा फ्रॉक ओला झाला होता. तो अंगावरच वाळला."

"समजतंय मला. वडील आत्ताच गेलेत. तुम्ही इमोशनल आहात."

मी दुःखात आहे. दुःखानं माझी आठवण पुसलेली नाही. गोष्ट परत घेतली. अशी पुस्तकं मी जन्मभर कपाटात लावली आहेत. देव झोपडीत येऊन जेवतो. झोपडीतला माणूस देवळात जेवत नाही. मुलं टाळ्या वाजवतात, आणि गाव आहे तिथेच राहतं.

शनिवारी वाचनाच्या तासाला मी माझी गोष्ट वाचली. एक मुलगी उठली. "मॅडम, मग बाप्पा त्या बाईला कुछ बोले नहीं?"

"नाही," मी म्हटलं. "देव बोलला नाही. गाव बोललं नाही. माझे बाबाही बोलले नाहीत. म्हणून मी बोलते आहे."

दर वर्षी नवा वर्ग येईल. दर वर्षी सांगेन. पाण्यासकट.